विमान घरी बांधणारांची संस्था

संस्थांचा इतिहास लिहिणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एक, रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहिणारे. त्यांच्या लेखात संस्थापक दूरदर्शी असतात, कार्यकर्ते निःस्वार्थी असतात आणि देणगीदारांची नावे ठळक टायपात असतात. दुसरे, संस्थेतून रागावून बाहेर पडलेले. त्यांच्या लेखात संस्थापक तेवढे देवमाणूस आणि त्यांच्या मागून आलेले सगळे लबाड. खरी हकीगत या दोन घरांमधल्या बोळात कुठेतरी असते. बोळ अरुंद, त्यात उजेड कमी, म्हणून तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. मला मात्र या बोळाची पहिल्यापासून ओढ आहे. संस्था कशी जन्मली यापेक्षा ती मोठी झाल्यावर तिच्या पहिल्या माणसांना तिच्यात परके का वाटू लागले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

आज जिची हकीगत सांगणार आहे ती संस्था आपल्याकडची नव्हे. ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली, आणि तिचे सभासद घरी विमाने बांधतात. दिवाळीत पोरे घरी आकाशकंदील करतात तसे हे लोक आपल्या गॅरेजमध्ये खरेखुरे, माणूस बसून उडणारे विमान करतात. संस्थेचे नाव ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’, म्हणजे प्रायोगिक विमानांची संघटना. लोक तिला नुसते ‘ई. ए. ए.’ म्हणतात. नावातला ‘प्रायोगिक’ हा शब्द ऐकून वाचकांनी घाबरून जाऊ नये. कारखान्यात तयार न झालेल्या विमानावर तिथला कायदा हा शिक्का मारतो, एवढाच त्याचा अर्थ.

वस्तुतः जगातले पहिले विमानच घरी बांधलेले होते. १९०३ साली उडालेले राइट बंधूंचे यंत्र त्यांच्या सायकलच्या दुकानात तयार झाले. पुढे विमानाचे कारखाने निघाले तरी ही घरगुती परंपरा तुटली नाही. मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पीटेनपोल नावाचा एक कारागीर होता. फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून त्याने लाकडाचे नि कापडाचे एक साधे विमान केले, आणि त्याचे नकाशे मासिकातून छापून आले. ते पाहून कित्येक शेतकऱ्यांनी, सुतारांनी, मेकॅनिकांनी आपापली विमाने उभी केली. आजही त्या नकाशांवरून विमाने बांधली जातात.

पण १९२६ पासून सरकारने विमानविद्येला कायद्याच्या चौकटीत बसवायला सुरुवात केली. परवाना, तपासणी, प्रमाणपत्र असे एकेक कुंपण उभे राहिले आणि त्या कुंपणात घरच्या विमानाला दार ठेवायचे राहून गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बहुतेक राज्यांत अशा विमानांना उडण्याची कायदेशीर वाटच उरली नव्हती. ऑरेगन राज्यातल्या हौशी मंडळींनी तेवढी ती काही काळ राखली. त्यांच्यापैकी जॉर्ज बोगार्डस नावाचा गृहस्थ १९४७ साली ‘लिटल जी बी’ नावाच्या आपल्या चिमुकल्या विमानातून ऑरेगनहून थेट राजधानी वॉशिंग्टनला उडत गेला. अर्ज पोस्टाने पाठवता आला असता. पण हा अर्जच पंखांचा होता. “घरी बांधलेले विमान धोक्याचे असते” असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दारात देशाचा एक किनारा ते दुसरा किनारा उडून आलेले विमान उभे केल्यावर वाद कशाला घालायचा? पुढे काही वर्षांतच हौशी माणसाने बांधलेल्या विमानासाठी कायद्यात स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी बांधला पाहिजे, हा त्या वर्गाचा मुख्य नियम. बोगार्डसचे ते विमान आज स्मिथसोनियन या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात जपून ठेवले आहे.

अशी जमीन नांगरून झाल्यावर बी पेरले ते पॉल पोबेरेझ्नी यांनी. त्यांचा जन्म १९२१ चा, बालपण मिलवॉकी शहराच्या परिसरात गरिबीत गेलेले. सोळाव्या वर्षी एका शिक्षकाने त्यांना मोडके ग्लायडर दुरुस्त करायला दिले आणि मुलाचे आयुष्य ठरून गेले. पुढे ते लष्करी वैमानिक झाले. निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही मिळून चारशेंहून अधिक प्रकारची विमाने त्यांनी उडवली असे सांगतात. २६ जानेवारी १९५३ रोजी मिलवॉकीच्या कर्टिस-राइट विमानतळावर सुमारे तीन डझन माणसे जमली आणि त्यांनी ही संघटना काढली. आपल्या प्रजासत्ताकाचा तो तिसरा वाढदिवस होता, हा निव्वळ योगायोग. पण तारीख लक्षात ठेवायला मला तो उपयोगी पडतो.

संस्थेचे कार्यालय म्हणजे पोबेरेझ्नींच्या घराचे तळघर. सभासदांची नोंद, वर्गणीच्या पावत्या, पत्रांना उत्तरे हे सगळे पॉल यांच्या पत्नी ऑड्री पाहत. संस्थांच्या इतिहासात अशा ऑड्रीबाई सगळीकडे असतात. अध्यक्षांचा फोटो भिंतीवर लागतो आणि पाकिटांवर तिकिटे लावणारा हात फोटोच्या चौकटीबाहेर राहतो. पहिली काही वर्षे ही संस्था म्हणजे एक घर, एक बातमीपत्र आणि वर्षातून एकदा भरणारा मेळावा एवढीच होती. १९५३ च्या पहिल्या मेळाव्याला जेमतेम वीसेक विमाने आली होती.

१९५५ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या लोकप्रिय मासिकाने पोबेरेझ्नींचे विमान मुखपृष्ठावर छापले आणि इंजिनसकट ८०० डॉलरांच्या आत विमान बांधता येईल अशी ग्वाही दिली. त्या आकड्याने मोठे काम केले. विमान ही श्रीमंतांची चैन, असे मानणाऱ्या गिरणीकामगाराला, शाळामास्तराला, गवंड्याला एकदम वाटले, अरे, ही तर आपल्या आटोक्यातली गोष्ट! तळघरात पत्रांचे गठ्ठे येऊन पडू लागले. पुढे जे भांडण झाले ते समजून घ्यायचे तर हा ८०० डॉलरांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवला पाहिजे. कारण संस्थेने आपल्या सभासदाला दिलेले ते पहिले वचन होते.

मेळावा वाढत गेला. १९५९ साली तो इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डला गेला आणि ती जागाही अपुरी पडल्यावर १९७० साली ऑशकॉश या गावी आला. तिथल्या विमानतळाचे व्यवस्थापक स्टीव्ह विटमन हे स्वतः शर्यतीची विमाने बांधणारे. त्यांनी हा बिऱ्हाडकरू आनंदाने घरात घेतला. आज तो विमानतळ त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आषाढीला पंढरपूर पाहिलेल्या माणसाला ऑशकॉशची कल्पना चटकन येईल. गावाची वस्ती सुमारे ६६ हजार, आणि जुलैअखेरच्या एका आठवड्यात तिथे लाखो माणसे उतरतात. २०२५ साली हा आकडा ७ लाखांच्या वर गेला. आसपासच्या तळांवर मिळून १० हजारांहून अधिक विमाने येतात. दिंड्या ठरलेल्या मार्गाने येतात तशी लहान विमाने रिपन गावापासून रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक अशी फिस्क नावाच्या वस्तीकडे येतात. तिथे जमिनीवर दुर्बिणी घेऊन सरकारी नियंत्रक उभे असतात. वैमानिकांनी उलट बोलायचे नाही. नियंत्रक रेडिओवर म्हणतो, “तांबडे विमान, पंख खाली असलेले, पंख हलवा.” विमान पंख हलवते, त्याला वाट मिळते. धावपट्टीवर रंगीत ठिपके काढलेले असतात, आणि एकाच धावपट्टीवर एकाला एका ठिपक्यावर, दुसऱ्याला पुढच्या ठिपक्यावर असे उतरवतात. त्या आठवड्यात हा विमानतळ जगातल्या सगळ्यांत गजबजलेल्या विमानतळांत मोडतो. उतरलेली मंडळी विमानाच्या पंखाखालीच तंबू ठोकून राहतात. हजारो स्वयंसेवक रस्ते आखतात, कचरा उचलतात, विमाने लावून देतात. त्यांतले बरेचसे पिढ्यान्‌पिढ्या येणारे. त्या सगळ्यांतून पॉल पोबेरेझ्नी आपल्या फोक्सवॅगन मोटारीतून हिंडत आणि कोणाचे काय बिनसले ते पाहत.

आता या चित्रात असंतोष कुठून आला? माझ्या मते तो एका दिवसात आला नाही, आणि कोणा एका माणसाने आणलाही नाही.

पहिले कारण विमानातच होते. आरंभीचा सभासद नकाशा विकत घेई आणि लाकडाच्या फळीपासून सुरुवात करी. मग सुटे भाग तयार करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. ऑरेगनच्या रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांची ‘आर. व्ही.’ विमाने १९७० नंतर इतकी लोकप्रिय झाली की आजवर अशी ११,००० हून अधिक विमाने हौशी माणसांनी पुरी करून उडवली आहेत. बर्ट रुटान यांनी १९७५ साली ऑशकॉशला एक विचित्र दिसणारे विमान आणले, शेपूट पुढे आणि पंख मागे असे. काचतंतू आणि राळ यांनी विमान बांधण्याची एक नवीच लाट त्याच्यामुळे उसळली. ही प्रगती खरीच. पण तिच्याबरोबर खर्चही चढला. ८०० डॉलरांच्या माणसाशेजारी आता लाख डॉलरांचा माणूस तंबू ठोकून बसला. दोघेही सभासदच, दोघेही हौशीच, पण दोघांच्या अडचणी एक राहिल्या नाहीत.

दुसरे कारण, संस्थेचा परीघ. जुनी विमाने सांभाळणारे, कसरती करणारे, महायुद्धातली लढाऊ विमाने उडवणारे अशा सर्वांसाठी शाखा निघाल्या. १९८९ साली अध्यक्षपद पॉल यांच्याकडून त्यांचे चिरंजीव टॉम यांच्याकडे गेले. टॉम स्वतः राष्ट्रीय विजेते कसरतपटू, आणि मेळाव्याची व्यवस्था बरीच वर्षे त्यांच्याकडेच होती. घराणेशाही म्हणून नाक मुरडण्याआधी त्यांचे काम पाहिले पाहिजे. १९९२ साली त्यांच्या कारकिर्दीत ‘यंग ईगल्स’ ही योजना निघाली. सभासदाने आपल्या विमानातून, आपल्या पेट्रोलने, एखाद्या मुलाला फुकट पहिली सफर घडवायची. २००३ पर्यंत १० लाख मुलांना हे सुख मिळाले आणि २०१६ पर्यंत २० लाखांना. २००४ साली सरकारने हलक्या विमानांसाठी आणि ती चालवणाऱ्यांसाठी सोपा परवाना काढला. त्यात डॉक्टरी दाखल्याऐवजी मोटारीचा परवाना चालू लागला. त्यामागेही या संस्थेची अनेक वर्षांची खटपट होती. तळघरातल्या संस्थेला हे जमले नसते, हे जुन्या सभासदांनीही मान्य केले पाहिजे.

तिसरे कारण सर्वांत नाजूक. मेळाव्याचे नाव १९९८ साली ‘एअरव्हेंचर’ झाले. मेळावा सभासदांचा असतो, उत्सव प्रेक्षकांचा. प्रेक्षक तिकीट काढतो, विमान कंपनी दुकान मांडते, जाहिरातदार फलक लावतो. या पैशावर वर्षभराचे काम चालते, वस्तुसंग्रहालय चालते, राजधानीत कायद्याची बाजू मांडणारी माणसे ठेवता येतात. मग कधीतरी अशी वेळ येते की, उत्सवासाठी संस्था की संस्थेसाठी उत्सव, याचे उत्तर द्यायला कार्यकारिणीला थोडा वेळ लागतो. तो थोडा वेळ सभासदांच्या नजरेतून सुटत नाही.

याचा मला स्वतःला अनुभव आहे. एका तालुक्याच्या गावी मी काही वर्षे वाचनालयाच्या कार्यकारिणीत होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. पैशाची चणचण म्हणून वाचनाचे मोठे दालन लग्नमुंजींना भाड्याने देण्याचे ठरले. भाड्यातून पुस्तके आली, कपाटे आली, पंखेही आले. फक्त संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे पाचपंचवीस म्हातारे बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. हिशेबाच्या वहीत संस्था भरभराटीला आलेली दिसत होती. ओट्यावर काय झाले ते लिहायला त्या वहीत रकाना नव्हता.

ऑशकॉशला असाच ओटा दिसला तो २०१२ साली. टॉम पोबेरेझ्नी २०११ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी उद्योगक्षेत्रातून आलेले रॉड हाइटॉवर हे २०१० मध्येच अध्यक्ष म्हणून नेमले गेले होते. पोबेरेझ्नी घराण्याबाहेरचा पहिला माणूस संस्थेचा कारभार पाहू लागला. मोठ्या संस्थेला आधुनिक व्यवस्थापन हवे हा त्यांचा विचार मुळात चुकीचा नव्हता. पण उत्सवात धावपट्टीच्या अगदी काठाला कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी खास मंडप उभे राहिले. वर्षानुवर्षे जिथे सभासद घडीच्या खुर्च्या टाकून विमाने पाहत, तिथे आता आमंत्रितांची बैठक, आणि सभासद तिच्या मागे. मासिकाविषयीही तक्रारी होत्या. ‘स्पोर्ट एव्हिएशन’ हे संस्थेचे मासिक म्हणजे घरी विमान बांधणाराचा गुरू. लोखंडी सांधा कसा जोडावा, कापड कसे ताणावे हे त्यात वाचून माणसे विमाने बांधत. त्यात आता कारखान्यातल्या महागड्या विमानांचे कौतुक जास्त दिसू लागले, असे जुन्यांना वाटले. संस्था आपल्याला सभासद मानते की गिऱ्हाईक, असा प्रश्न ते उघड विचारू लागले.

मला या तक्रारींत मंडपांची तक्रार सर्वांत बोलकी वाटते. चार मंडपांनी कोणाचे विमान उडायचे थांबले नव्हते. वर्गणीही त्यामुळे वाढली नव्हती. पण माणसाला आपल्या घरातली आपली जागा ठाऊक असते. आजोबांच्या झोपाळ्यावर एखाद्या दिवशी पाहुणा बसला तर कोणी काही म्हणत नाही. पाहुण्यासाठी झोपाळा राखून ठेवला आणि आजोबांना “जरा सरा” म्हटले, म्हणजे घर कोणाचे हा प्रश्न उभा राहतो.

२०१२ च्या ऑक्टोबरात हाइटॉवर यांनी राजीनामा दिला. कारण कौटुंबिक सांगण्यात आले, आणि त्याच्या पलीकडे जाऊन माणसाच्या मनातले लिहिण्याचा मला अधिकार नाही. सूत्रे आली ती संचालक मंडळाचे अध्यक्ष जॅक पेल्टन यांच्याकडे, आणि आरंभी त्यांनी ती बिनपगारी सांभाळली. आता गंमत पाहा. हे पेल्टन पूर्वी ‘सेस्ना’ या विमान कंपनीचे प्रमुख होते. म्हणजे घरी विमाने बांधणारांच्या संस्थेची घडी बसवायला आला तो विमानांच्या कारखानदारीतला मोठा माणूस! पण त्यांनी पहिली भाषा केली ती मूळ सभासदांकडे परत जाण्याची, आणि २०१३ च्या उत्सवात त्या मंडपांची जागा बदलण्यात आली. यावरून एक गोष्ट दिसते. सभासदांचा राग कारखानदारावर नव्हता, कोट घालणारावरही नव्हता. आपल्याला कोणी विचारत नाही याचा तो राग होता. कोट घालणाऱ्याने विचारपूस केली तेव्हा तो पुष्कळसा निवळला.

त्याच वर्षी संस्थेची दुसरी परीक्षा झाली. सरकारी खर्चात काटछाट झाल्यामुळे अमेरिकेच्या विमान खात्याने उत्सवातल्या नियंत्रकांच्या खर्चापोटी सुमारे साडेचार लाख डॉलरांची मागणी केली. आजवर हे काम सरकार आपले कर्तव्य म्हणून करीत आले होते. उत्सव तोंडावर आलेला, नियंत्रक नसतील तर तो होणेच शक्य नाही. संस्थेने रक्कम भरण्याचे कबूल केले आणि त्याचबरोबर कोर्टात दादही मागितली. २०१४ साली अनेक वर्षांचा करार होऊन ते प्रकरण मिटले. इथे एक विचार मनात येतो. एवढी रक्कम तळघरातल्या संस्थेने कोठून आणली असती? ज्या जाहिरातदारांच्या मंडपांवर सभासद रागावले होते, त्यांच्यासारख्यांच्याच पैशाने संस्था त्या प्रसंगी उभी राहू शकली. इतिहास असा असतो. तो कोणत्याही एका पक्षाच्या बाजूने शेवटपर्यंत साक्ष देत नाही.

२०१३ चा उत्सव आटोपल्यावर थोड्याच दिवसांनी, २२ ऑगस्टला, पॉल पोबेरेझ्नी वारले. वय ९१. संस्थेचा संस्थापक साठ वर्षे तिच्यात वावरला, तिच्या वाढीचा आनंद आणि तिच्या मोठेपणाचा ताप दोन्ही त्याने पाहिले, असे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. टॉम पोबेरेझ्नीही २०२२ च्या जुलैत, ऐन उत्सवाच्या दिवसांत गेले.

हे दुखणे एकट्या अमेरिकेचे असते तर मी एवढे लिहिले नसते. ऑस्ट्रेलियात हलक्या विमानांची जी संघटना आहे, ‘रिक्रिएशनल एव्हिएशन ऑस्ट्रेलिया’, तिच्याकडे सभासदांच्या विमानांची नोंदणी करण्याचे कामही सरकारने सोपवलेले आहे. २०१२ च्या सुमारास सरकारी तपासणीत या नोंदणीच्या कागदपत्रांत उणिवा निघाल्या आणि पुष्कळ विमाने जमिनीवर बसून राहिली. चूक दप्तराची, आणि शिक्षा वैमानिकाला! सभासद खवळले, २०१३ च्या आरंभी खास सर्वसाधारण सभा भरली, कार्यकारिणीला जाब विचारला गेला. पुढे २०१६ साली त्या संस्थेने आपली जुनी घटना टाकून कंपनीचे रूप घेतले. ब्रिटनमध्ये १९४६ साली निघालेली अशीच संघटना बरीच वर्षे ‘पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन’ या नावाने ओळखली जाई. २००८ साली तिने ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’ असे नाव घेतले. आधीच्या नावात लोक होते, नंतरच्या नावात विमान आले. नाव बदलणाऱ्यांच्या मनात तसे काही नसेलही. पण संस्था वयात आल्या की त्यांच्या नावांतून माणूस बाहेर पडतो आणि वस्तू किंवा कार्य आत येते, हे मी आपल्याकडेही पाहिले आहे.

आपल्याकडे हौशी उड्डाणाची कथा निराळ्या वळणाने गेली. ‘बॉम्बे फ्लाइंग क्लब’ १९२८ चा. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तो मुंबईतच. पण आपल्या क्लबांना पहिल्यापासून आधार होता तो सरकारचा आणि धनिकांचा. घरी विमान बांधणारा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता. म्हणूनच मुंबईतल्या कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले तेव्हा त्यांच्या पाठीशी ऑशकॉशसारखी संघटना नव्हती. २०१६ साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी ते विमान पाहिले, तोंडात बोट घातले, आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. मध्ये गेलेली वर्षे दप्तरांचे उंबरे झिजवण्यात गेली. अमेरिकेत बोगार्डस १९४७ साली जे भांडला, ते भांडण आपल्याकडे एका माणसाला एकट्याने भांडावे लागले. संस्था कशाला हवी, असे विचारणाऱ्याला मी ती गच्ची दाखवीन.

आणि म्हणूनच मला जुन्या सभासदांची कुरकुर मोलाची वाटते. संस्था हवी असते, ती मोठीही व्हावी लागते, आणि मोठी झाली की तिच्या दारात पैसेवाला येतो. त्याला हाकलून लावणे शहाणपणाचे नाही. पण त्याच्या येण्याने जो ओट्यावर गेला, त्याच्याकडे पाहणारा कोणी तरी कार्यकारिणीत असावा लागतो. कुरकुर करणारा सभासद अध्यक्षाला नकोसा वाटतो, कारण तो सभा लांबवतो, जुनी उदाहरणे देतो आणि पुष्कळदा हिशेबात चुकतो. पण त्याला जे दुखते ते संस्थेचेच अंग असते. ज्या दिवशी तो कुरकुर थांबवतो आणि निमूटपणे वर्गणी भरणे बंद करतो, त्या दिवसापासून संस्था फक्त इमारत उरते.

ऑशकॉशची संस्था या परीक्षेत नापास झाली असे मी म्हणणार नाही. तिची सभासदसंख्या आता ३ लाखांच्या घरात आहे. २०२५ च्या उत्सवात अमेरिकन सरकारने हलक्या विमानांचे नियम आणखी सैल केल्याची घोषणा केली, तीही तिथेच, त्या मैदानावर. म्हणजे राजधानीला या मैदानाची दखल घ्यावी लागते. मात्र लाख डॉलरांच्या विमानांच्या रांगांमध्ये अजूनही एखादा निवृत्त सुतार आपले पीटेनपोल घेऊन येतो, कापडी पंखाखाली सतरंजी पसरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या मुलाला फोर्डचे इंजिन कसे चालते ते समजावून सांगतो. उद्या या संस्थेचा खरा इतिहास कोणाला लिहायचा झाला, तर त्याने ताळेबंद जरूर पाहावा, उत्सवाच्या गर्दीचे आकडेही पाहावेत. पण आधी त्या सतरंजीला मैदानात कुठे जागा मिळते ते पाहावे. ती धावपट्टीजवळ असेल तर संस्था ठीक चालली आहे असे खुशाल समजावे.